नेट अटकलं आहे, आक्का

आमच्या देवासच्या गल्लीत सगळ्यांकडे चालू वर्ष होतं, तेव्हा दत्तूकाका साळुंख्यांच्या कॉम्प्युटरात पुढचं वर्ष लागलं होतं. चुकून नव्हे, त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं होतं. धारला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा, आवाज व्हिडिओ कॉलवर उशिरा येतो, अशी त्यांची तक्रार होती. आवाज मागे पडतो तर घड्याळ पुढे करावं, हा त्यांचा सरळ विचार. आधी दहा मिनिटं पुढे करून पाहिलं. मग तासभर. मग त्यांना वाटलं, आपल्याच मशीनमध्ये कंजुषी कशाला, आणि त्यांनी पुढच्या वर्षाची दिवाळीच लावून टाकली.

झालं, एकही साइट उघडेना. जिथे जावं तिथे 'हे सुरक्षित नाही' असा लाल इशारा. विजेचं बिल भरेना, आणि मुख्य म्हणजे धारहून आक्काही दिसेनात. मग मला हाक आली. मी घरी बसून एका कंपनीचं कॉम्प्युटरवरचं काम करतो, त्यामुळे गल्लीत कुणाचा प्रिंटर अडला की मला उठवतात. मी तारीख जागेवर आणली, सगळं सुरू झालं. काका शांतपणे म्हणाले, "बघ भिया," आमच्याकडे भावासारखं कुणालाही भिया म्हणतात, "मशीन खराब नव्हतं. सेटिंग खराब होती."

"ती तुम्हीच खराब केली होती, काका."

"कुणी केली ते वेगळं. होती सेटिंगच."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. 'मशीन कधी खराब नसतं, सेटिंग खराब असते.' देवासच्या एका कारखान्यात दत्तूकाका उभी हयात सेटर होते. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी जाऊन मशीन लावून द्यायचं, कुठे पत्ती सरकव, कुठे बोल्ट अर्धा आटा आवळ, हे त्यांचं काम. तिथून निवृत्त झाले तरी हात काही निवृत्त झाला नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तर आधी टेबलाचा डुगडुगणारा पाय लावून घेणार. माझ्या मुंजीत भटजी मंत्र म्हणत होते आणि काका मांडवाच्या पंख्याची सेटिंग करत होते, हे फोटोत आहे. शालूकाकी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "ह्यांना स्वर्गात नेलं ना, तर आधी दाराची बिजागरी बघतील."

पण आम्हा मुलांसाठी त्यांची खरी कामगिरी म्हणजे अँटेना. गल्लीत टीव्ही एकच, काकांचा. इंदूरचं प्रक्षेपण पकडायचं म्हणजे गच्चीवर कुणीतरी दांडा फिरवायला हवा. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की काका गच्चीवर चढायचे. एक मुलगा टीव्हीपाशी, एक दारात, एक रस्त्यावर, अशी आमची साखळी. आतून ओरडा यायचा 'आलं', मग 'गेलं', मग 'थोडं आलं'. रस्त्यावरचा तो वर पोचवायचा. खूप वेळाने चित्र स्वच्छ व्हायचं, आणि काकांनी दांडा सोडला की लगेच जायचं. म्हणून ते दांडा धरून तसेच वर बसायचे. खाली सगळी गल्ली चटया टाकून सिनेमा बघायची, आणि सिनेमा संपला की काका खाली उतरून विचारायचे, शेवटी काय झालं? त्या टीव्हीवरचा एकही सिनेमा त्यांनी पुरता पाहिला असेल असं मला वाटत नाही. आता घरोघरी मोठमोठे पडदे आहेत, पण चटई टाकून बघण्यासारखं त्यावर काही लागत नाही.

तर असा माणूस आणि त्याच्या घरात इंटरनेट आलं. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, जाताना आपला जुना कॉम्प्युटर ठेवून गेला आणि नेटचं कनेक्शन घेऊन देऊन गेला. पोराने वडिलांचं सुख पाहिलं, शेजाऱ्यांचं पाहिलं नाही.

काकांना नेट एकाच कामासाठी हवं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी, दिवेलागणीला, धारला आक्कांच्या देवघरात आरती व्हायची आणि इकडे देवासला काकांच्या घरात. कॉल लावून दोघं बहीणभाऊ ती बरोबर म्हणायचे. आरती साधीसुधी नव्हती, घरची होती. साळुंख्यांच्या कुणा पूर्वजाने, धारच्या दरबारात चाकरीला असताना, कुलदेवीसाठी रचलेली. छापलेली कुठेच नाही, तोंडातोंडी चालत आलेली. 'धारेच्या वेशीं बैसली माय, लेकुरां राखी जैशी वासरां गाय' अशी तिची सुरुवात. आता ती पुरी येणारी माणसं दोनच उरली होती, एक आक्का आणि एक दत्तूकाका. पुढची पिढी हिंदी शाळेतली, तिला टाळ्या तेवढ्या येतात.

मोबाइलवर का नाही करत, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, मोबाइलमध्ये आक्का एवढीशी दिसते, मला ती मोठी दिसायला हवी.

आता आरती मागेपुढे होते म्हटल्यावर काका सेटिंगला लागले. कुणाच्या तरी मोबाइलवर त्यांनी एक व्हिडिओ पाहिला, घरच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदला आणि नेटचा वेग वाढवा. तिथून आमचे वाईट दिवस सुरू झाले. पडद्यावरचा काश्मीरचा फोटो काढून टाकला, कारण डोंगराचं वजन पडतं. उजेड इतका कमी केला की काकीला आक्कांशी बोलताना चष्मा लावून पडद्याला नाक लावावं लागे. कॉम्प्युटरमधल्या निम्म्या फायली निकामी म्हणून पुसल्या. त्यात मुलाच्या साखरपुड्याचे फोटो गेले. नेटच्या डब्याला दोन कान होते. धारला जायचं तर इंदूरवरून वळण घ्यावं लागतं, म्हणून एक कान इंदूरकडे आणि दुसरा धारकडे. मंगळवारी-शुक्रवारी दिवेलागणीला काकीने मिक्सर लावायचा नाही. शेजारच्यांनी मोटर लावायची नाही. लावली तर काका भिंतीवरून डोकं काढून विनंती करायचे, आणि ती विनंती इतकी नम्र असायची की शेजारी आपसूक टाकी रिकामी ठेवायचे.

आणि हे सगळं गुपचूप नाही. किराण्याच्या दुकानात, चहाच्या टपरीवर, देवीच्या टेकडीच्या पायऱ्यांवर, जो भेटेल त्याला काका सांगायचे, "आमच्याकडे नेट फारच स्लो आहे भिया. आक्काचा आवाज मधेच अटकून राहतो." गल्लीतल्या निम्म्या घरांच्या सोयरिकी धारला. देवासला शिंकलं तर संध्याकाळपर्यंत धारला कळतं. त्यामुळे साळुंख्यांचं नेट हा दोन्ही गावांत चेष्टेचा विषय झाला होता.

एक दिवस मी ठरवलं, ह्या माणसाला नीट समजावून सांगायचंच. डबा कपाटाच्या मागून काढून उघड्यावर ठेवला. कॉम्प्युटरला सरळ वायर जोडली. उगाच चालू असलेले प्रोग्रॅम बंद केले. मग बसून सांगितलं, की काका, सेटिंगने एवढंच होतं. घरातल्या घरात जे वाया जातं ते वाचतं. कनेक्शनमधून जेवढं येतं त्याच्यावर कुठलीही सेटिंग एक थेंब चढवू शकत नाही. नळाला वरून जेवढं पाणी सोडतात तेवढंच येणार, तुम्ही तोटी कितीही फिरवा. आवाज किंचित मागे येणारच, वाटेला थोडा वेळ लागतो, पण तो इतका कमी की माणसाला कळायचाही नाही. मग मी वेग मोजून दाखवला. उत्तम होता. माझ्या घरापेक्षा चांगला.

"तुमचं नेट बिलकूल स्लो नाही," मी म्हणालो. त्यात मला थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोला.

मला वाटलं काका वाद घालतील. ते घालत नाहीत असं कधी होत नाही. पण ते उठले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "हे तू गल्लीत नको बोलू."

"का पण?"

"नको बोलू म्हटलं ना." आणि त्यांनी नेटचा डबा पुन्हा कपाटामागे ठेवून दिला.

मी हात टेकले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मनाशी म्हणत घरी आलो.

नंतरच्या मंगळवारी काकी बोलवायला आली. माउस चालत नव्हता आणि आरतीची वेळ झाली होती. मी माउस बदलला आणि निघणार तेवढ्यात कॉल लागला, म्हणून कोपऱ्यात उभा राहिलो. आक्कांना मी लहानपणी पाहिलं होतं, त्या देवासला यायच्या तेव्हा. उंच, ताठ, आणि बोलणं असं की मोठी माणसंही सरळ बसायची. पडद्यावर आता एक बारीकशी म्हातारी होती. पण पाठ ताठच होती.

"दत्तू, दिवा लाविलास का?"

"लावला आक्का."

आरती सुरू झाली. आक्कांचा आवाज अजून चांगला होता, काकांचा फाटका. दोन कडवी झाली. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर आक्का थांबल्या.

मी पडद्याकडे बघत होतो. त्यांच्या मागे पंखा फिरत होता. समईची ज्योत हलत होती. दारातून त्यांची सून ताट घेऊन गेली, तिच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा आला. काहीच अटकलेलं नव्हतं. फक्त आक्कांचे ओठ अर्धवट उघडे होते आणि नजर इकडेतिकडे काहीतरी शोधत होती.

"थांब आक्का, थांब," काका घाईने म्हणाले आणि कीबोर्डवर उगाच चार बोटं आपटली. "नेट अटकलं आहे. मी मागून पुन्हा म्हणतो, तू तिथून घे." आणि त्यांनी ती ओळ सुरुवातीपासून म्हटली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. शब्द सापडले तसा आक्कांचा चेहरा उजळला. त्यांनी ओळ उचलली आणि कडवं पुरं केलं.

आरती संपल्यावर त्यांनी भावाला फैलावर घेतलं. काय रे तुझं हे नेट, ऐन आरतीत दगा देतं, एवढी वर्षं मशिनी लाविल्यास आणि एक कॉम्प्युटर तुला लागत नाही? काका खाली मान घालून 'हो आक्का, हो आक्का' करत होते. इतक्या आनंदाने शिव्या खाणारा माणूस मी पाहिला नव्हता.

मग आक्कांची नजर माझ्यावर पडली. कोण रे तो, असं विचारून झालं, माझ्या आजीचं नाव घेऊन झालं. नंतर म्हणाल्या, "तू ह्यातलं शिकलेला ना? मग खरं सांग पाहूं. ह्याचं नेटच खराब आहे ना?"

काका माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. पाठमोरे होते, पण कान लाल झालेले मला दिसले.

"फारच खराब आहे, आक्का," मी म्हणालो. "मी तपासलं. सेटिंग करावी लागेल."

नंतर आम्ही ओट्यावर बसलो. काकीने न विचारता चहा आणून दिला आणि आत निघून गेली. काका थोडा वेळ कपाच्या कानाशी खेळत राहिले. मग बोलायला लागले.

त्यांची आई गेली तेव्हा ते इतके लहान होते की तिचा चेहरा त्यांना आठवत नाही. आक्काही काही फार मोठी नव्हती, पण त्या दिवसापासून घर तिने उचललं. संध्याकाळी धाकट्याला बोटाला धरून देवासमोर उभं करायची. आईच्या तोंडचं जेवढं तिला येत होतं तेवढं सगळं तिने त्याच्यात घातलं. "मी पुढे म्हणते, तू मागनं ये, घाबरू नको, असं म्हणायची," काका म्हणाले. "तिच्या मागनं मागनं जाऊनच मी बोलायला शिकलो भिया."

गेल्या दसऱ्याला सगळ्या घरासमोर आक्का आरतीत अडखळल्या होत्या. त्यांनी सुनेला विचारलं, पुढे काय गं? सुनेला कुठलं येणार. तेव्हापासून त्या देवघरात बसेनात. देवीसमोर चुकायचं नाही म्हणाल्या. जेवणही कमी केलं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, हळूहळू वाढेल. मग काकांनी कॉल सुरू केला, आणि पहिल्यांदा आक्का थांबल्या तेव्हा काकांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, की नेट अटकलं. आक्कांना ते पटलं. त्या पुन्हा बसायला लागल्या.

"आणि ते घड्याळ पुढे केलंत, फायली पुसल्यात, ते?"

"लोकांना पटायला हवं ना. तिला कुणी धारला म्हणालं, की दत्तूचं नेट तर मस्त आहे, तर?" मग ते म्हणाले, "आणि खरं सांगू? अर्धं मला पण वाटायचं. वाटायचं, असेल एखादी सेटिंग. सापडेल." त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

त्यानंतर मी मंगळवारी-शुक्रवारी जाऊ लागलो, सेटिंग करायला. काही करायचं नसायचं. मी जाऊन आक्कांना दिसेल असा बसायचो आणि एखादी वायर हातात धरायचो. किराण्याच्या दुकानात कुणी विषय काढला तर मान हलवून म्हणायचो, साळुंख्यांच्या घराची जागाच अशी आहे, तिथे काही चालत नाही. कंपनीत माझं मत लोक गंभीरपणे घेतात, मी इथे असलं बोलतो हे त्यांना कळलं असतं तर बरं झालं नसतं.

असं काही महिने चाललं. मग नवरात्र आलं आणि आक्कांचा निरोप आला. या खेपेस अष्टमीला दत्तूने इथं यावं. समोरासमोर उभं राहून आरती म्हणावी. त्या नेटाचा मला कंटाळा आला आहे.

मीच गाडीने घेऊन गेलो. काका पुढे बसले, काकी मागे. इंदूर येईपर्यंत काकांनी सीट तीनदा मागेपुढे केली, आरसा हलवला, हवेच्या जाळ्या फिरवल्या. इंदूर मागे पडलं तसे त्यांचे हात थांबले. धारचा किल्ला दिसू लागला तेव्हा काका म्हणाले, "तिथं काय सांगू रे? तिथं तर नेट नाही." मागून काकी म्हणाली, "वन्सं चुकल्या तर चुकल्या. देवी काय परीक्षा घ्यायला बसली आहे?"

घर भरलं होतं. मुलं, सुना, नातवंडं, सरदारपूरहून आलेले व्याही, शेजारपाजार. आक्का नेसून तयार होत्या. काकांना पाहिल्यावर त्यांनी आधी त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. मग हात धरून देवीसमोर आपल्या शेजारी उभं केलं. काका आता आजोबा होते, तरी त्या हाताबरोबर ते मुलासारखे चालत गेले.

आरती सुरू झाली. घंटा, टाळ्या, कापूर. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात, नेहमीच्याच जागी, आक्का थांबल्या.

टाळ्या थोडा वेळ चालू राहिल्या आणि मग एकेक करून कमी झाल्या. सून खाली बघू लागली. आक्कांची नजर देवीवरून समईवर आणि समईवरून परत देवीवर फिरत राहिली. आणि काका, वर्षभराची सवय, काही कळायच्या आत बोलून गेले, "थांब आक्का, नेट अटकलं आहे."

बोटंसुद्धा हवेत आपटली त्यांनी.

नातवंडं फिसकन हसली. त्यांच्या आईने डोळे वटारले. काका पांढरे पडले. एवढं जपलेलं सगळं त्यांनीच सांडून टाकलं होतं, आणि तेही भरल्या घरात. आक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ह्या आत निघून जातील, आणि पुन्हा ह्या जागी उभ्या राहणार नाहीत.

त्यांनी काकांचा हात सोडला नव्हता. तो जरा ओढून जवळ घेतला.

"अटकलं खरं," आक्का म्हणाल्या. "केव्हाचं अटकलं आहे, मला काय ठाऊक नाही होय रे? तू पुढे म्हण, दत्तू. मी मागनं येते."

काकांनी एकदा देवीकडे पाहिलं. मग त्यांनी ती ओळ म्हटली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. आणि मागून आक्कांचा आवाज आला. थोडा उशिरा आला, पण आला.